स्केटबोर्डवरचा पाठमोरा पोरगा

मित्रांनो, आज सकाळी लई मोठी माती खाल्ली.

लातूरच्या ज्या कॉलेजातनं मी अर्ध्यात बाहेर पडलो, तिथं चित्रांचं प्रदर्शन होतं. मला आवडणाऱ्या मुलीनं (नाव लिहीत न्हाई) स्केटबोर्डच्या फळ्या रंगवून भिंतीवर टांगल्या होत्या. तिला हे स्केटबोर्डचं याड माझ्यामुळंच लागलं.

एका फळीवर स्केटबोर्डवरून उडी मारणारा पाठमोरा पोरगा होता. केस विस्कटलेले, शर्ट फुगलेला. माझं डोकंच फिरलं.

"ह्यो कोण हाय?"

"हळू बोल, पप्पा हायत."

"असू दे! नाव सांग त्याचं!"

सगळे वळून बघायला लागले. तिचे डोळे भरले. "तूच हायस की रे. तू कॉलेजात उड्या मारायचास तवा मी मागं पायऱ्यांवर बसून तुलाच बघत असायचे."

स्वतःची पाठ मी कधी बघितलीय? घरच्यांनी ओळखू नये म्हणूनच तिनं मला पाठमोरा काढला होता. अन् मी ओरडून तिच्याच तोंडून, तिच्या वडिलांसमोर वदवून घेतलं.

वडील एवढंच म्हणाले, "चल घरी."

तेव्हापासून तिचा फोन बंद हाय. खरं सांगा, तिच्या घरी जाऊन माफी मागू, का आता तरी गप बसू?