विकलेला बहार

आमच्या मोर्शीकडे संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकायची रीत. सौदा झाला की झाडं आपली, फळं त्याची. बाबा तर असे कट्टर, की खाली पडलेलं संत्रं आम्ही उचललं तरी पाठीत धपाटा बसायचा. "इकलं म्हंजे इकलं!"

मध्यप्रांताच्या अमदानीतली गोष्ट, मी नऊ-दहा वर्षांची असेन. विहीर खोल करायची होती आणि हाती पैसा नव्हता. त्याच सुमारास गावातल्या वकिलाच्या सुनेला बाळ झालं, पण तिला दूध येईना. माझा धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता. बाबांनी मायला वकिलाकडे पाजायला ठेवलं. वकिलीणबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या बाळाला कमी पडू देऊ नका." तिकडे मायला डिंकाचे लाडू, इकडे आमच्या पोराला शेळीचं दूध.

ते त्याला सोसलं नाही. हगवणीनं पार सुकला, तेव्हा माय दुपारपुरती घरी आली. त्याला बघताच तिची चोळी ओली झाली. तिनं त्याला मांडीवर घेतलं, तोच बाबा दारातून म्हणाले, "नोको पाजू. इकलेल्या बहाराले आपुन हात लावत नाई."

आणि तिनं ऐकलं! अजून माझ्या अंगाची लाही होते. छाती दुखायला लागली तेव्हा परसात जाऊन तिनं दूध मातीत पिळलं, आणि आत येऊन त्याला शेळीचं पाजलं.

दोन-तीन दिवसांत पोर गेलं. पुरायला नेण्याआधी बाबा बागेत गेले, एक संत्रं तोडून आणलं आणि त्याच्या मुठीपाशी ठेवलं.

पुढं अमरावतीचा व्यापारी तोडीला आला. बाबांनी हात जोडले. "शेठ, एक फळ म्या तोडलं."

शेठ हसला. "अरे भाऊ, एका संत्र्याचं काय घेऊन बसले! घरच्या लेकरानं खाल्लं तं कोन इचारते?"

माय त्या दिवशी घरी आली होती, उंबऱ्यात बसून ऐकत होती. व्यापारी गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "त्या वकिलीणबाईले आपुन इचारलंच नाई जी."

माय उठली, पदर सारखा केला आणि वकिलाकडे निघाली. त्या बाळाची पाजायची वेळ झाली होती.