रिसीव्हर कोच खोत

पराग खोत कुणाला कधी वस्तू हातात द्यायचा नाही, फेकायचा. गाडीची किल्ली, स्टेपलर, मोसंबं, काहीही. मी कॉलेजची नवी फिजिओथेरपिस्ट, पहिल्या दिवशी माझ्या खोलीत फॉर्म भरत बसले होते, तर त्याने दारातूनच चिकटपट्टीचं बंडल माझ्याकडे भिरकावलं. ते चष्म्यावर आदळलं. "साळवी मॅडम, आधी नजर, मग हात," तो म्हणाला. चष्म्याची दांडी वाकली ती वाकलीच. चुकलं म्हणण्याऐवजी समोरच्याला शिकवायचं, ही त्याची रीत होती.

बहरीनमधल्या आमच्या खासगी कॉलेजात अमेरिकन फुटबॉलची टीम निघाली, ती मालकांच्या हौसेपोटी. या खेळात लांब पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांना वाइड रिसीव्हर म्हणतात. खोत अशा सहा मुलांचा कोच. मूळचा कराडचा. अमेरिकेतल्या एका कॉलेजात आपण चार वर्षं रिसीव्हर घडवले, असं सांगायचा. आमचे म्हातारे अमेरिकन हेड कोच एकदा हसत मला म्हणाले, "तो तिथे सरावाचं शूटिंग करायचा आणि चेंडूंच्या पिशव्या उचलायचा." त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण खोताला पिशव्या उचललेल्या आठवायच्याच नाहीत.

चेंडू झेलला गेला की तो मैदानाच्या कडेने ओरडत पळायचा, "माझा पोरगा! माझा!" सुटला की शांतपणे वहीत लिहायचा, "फेक वाईट होती." मोबाइल उभा करून स्वतःचं शूटिंग करायचा आणि ते दुबईतल्या क्लबांना पाठवायचा. मुलांची नावं त्याला नीट येत नव्हती. जर्सीच्या नंबराने हाक मारायचा. "नाव जिंकल्यावर विचारतो," हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो मराठीत म्हणायचा, माझ्याकडे बघून, जणू आम्ही दोघं मिळून कुणाची तरी गंमत करतोय.

नंबर अकरा म्हणजे इम्रान. बुसैतीनला राहणारा, एकोणीस वर्षांचा, टीममधला सगळ्यात चपळ. फायनलच्या तीन दिवस आधी सरावात समोरच्याची जर्सी पकडताना त्याच्या अनामिकेला हिसका बसला. मी बोट तपासलं. शेवटचं पेर त्याला वाकवताच येत नव्हतं. बोट वाकवणारी आतली शीर, म्हणजे टेंडन, हाडापासून तुटली असणार, हे मला कळलं. अशी शीर आठवडाभरात शिवावी लागते, नाहीतर ती मागे आखडत जाते. "आजच हॉस्पिटलला जा," मी म्हटलं.

तेवढ्यात खोत आत आला. फायनल बघायला दुबईच्या एका क्लबचा माणूस येणार होता, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

"मॅडम, मुरगळलंय असं लिहा," तो मराठीत म्हणाला. "हॉस्पिटल मॅचनंतर."

"मुरगळलेलं नाही, शीर तुटली आहे. बोट कायमचं जाईल त्याचं."

"जाऊ दे की एक बोट. असे पळणारे पोरगे पुढच्या वर्षी आणखी येतील. मला दुबई परत मिळणार नाही."

इम्रान कायम इंग्रजीतच बोलायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याचं मराठी ऐकलं. "सर, माझी आजी श्रीवर्धनची आहे," तो हळूच म्हणाला. "मला मराठी कळतं."

कुणीही शरमेने खाली बघितलं असतं. खोत खदखदून हसला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. "अरे, मग तू घरचाच निघालास! घरचा माणूस ऐनवेळी पाठ दाखवत नाही. यल्ला, चल, विषय खलास. खेळणार ना?"

इम्रान माझ्याकडे बघत राहिला. मी त्याची बाजू घेईन, असं त्याला वाटलं असणार. पण माझ्या नवऱ्याची सित्रा बेटावरची नोकरी गेल्याच महिन्यात सुटली होती. माझ्या व्हिसाचे कागद कॉलेजच्या डायरेक्टरांच्या टेबलावर पडून होते, आणि खोत रोज त्यांच्याबरोबर जेवायला बसायचा. मी फिटनेस रिपोर्टवर 'किरकोळ मुरगळ, खेळण्यास हरकत नाही' असं लिहिलं आणि सही केली.

इम्रान खेळला. दोन बोटं एकत्र बांधून त्याने शेवटचा चेंडू छातीशी झेलला, आणि टीम जिंकली. कपासोबत काढलेल्या फोटोत खोत मधोमध होता. नंतर इम्रानने दोनदा विचारलं, तेव्हा खोताने त्याला सांगितलं, "सूज उतरू दे, आपोआप बसेल." खोताचा शब्द म्हणून तो थांबला. मीही गप्प राहिले. तीन आठवड्यांनी वडील त्याला हॉस्पिटलला घेऊन गेले, तोवर शीर तळहातापर्यंत आखडली होती.

खोताला दुबईची नोकरी मिळाली. निरोपसमारंभात त्याने केक कापला आणि भाषण ठोकलं, "माझ्या एका पोरानं टीमसाठी बोट दिलं. असे पोरगे मी घडवतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इम्रान तिथे नव्हता. त्याने कॉलेजचं मैदान सोडलं होतं. इतकी वर्षं मी माणसं तपासतेय, पण खोताइतका आतून पोकळ माणूस मी पाहिला नाही. आता त्याच्या दुबईच्या क्लबच्या वेबसाइटवर त्याच्या यशांच्या यादीत इम्रानचं नाव आहे. शेवटी त्याला ते पाठ झालं म्हणायचं.

मी खरं काय ते लिहून डायरेक्टरांना दिलं, पण खोत गेल्यावर. आणि त्याची प्रत घेऊन बुसैतीनला इम्रानच्या घरी गेले. त्याच्या अम्मींनी मला बसवलं, चहा केला. मी खोताबद्दल बोलत राहिले. तो कसा खोटारडा होता, कसा सगळ्यांना वापरायचा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून तो जुना फिटनेस रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला.

"त्या माणसाचं नाव यात कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "खाली सही आहे, ती तुमची ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि उठून आत गेल्या.