चुना मारलेला ढीग

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं ओसरीत बसून ज्वारी निवडली. ती पाखडत होती, मी खडे काढत होतो. म्हणाली, "तुमच्या हाताला खड्यांचीच सवय, म्हणून बसवलं." मंग पत्र्याचा डबा भरला, मी उचलून तिच्या डोक्यावर दिला, अन् ती गिरणीकडं निघाली. त्याच्या पुढं आम्ही मिळून काही केलं न्हाई.

मी नगरपालिकेत रस्त्याच्या गँगवर होतो. चौथी शिकलेल्या माणसाला फावडं अन् घमेलंच मिळतं. जालना जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते. आता कलेक्टर जवळ आला, निधी येईल, रस्ते होतील. निधी आला, बराबर आला. पण फेब्रुवारीपर्यंत कोणाला रस्ता आठवत नसे, अन् मार्च लागला की पैसा परत जाईल म्हणून सगळे बुडाखाली विस्तू ठेवल्यासारखे पळत. कोणती गल्ली घ्यायची ते मीटिंगमध्ये ठरायचं. मीटिंगच्या आदल्या दिवशी कोणाकडं जेवण झालं, त्यावर ठरायचं. हे रोलरवाल्यालाही माहीत होतं.

एका साली आमच्या गल्लीचा नंबर लागला. बायको किती वर्षं म्हणत होती, "नवरा नगरपालिकेचा अन् बायको चिखलात." आम्ही टिकावानं जुना रस्ता उकरला. खडीचा ट्रक आला, गल्लीच्या तोंडाशी ढीग पडला. नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबानं टेप लावून माप घेतलं अन् ढिगावर चुना मारला. एकदा मोजलेली खडी कोणी दुसरीकडं नेऊन पुन्हा मोजू नये, म्हणून चुना. त्याला फसवायची रीत गँगला तोंडपाठ होती. वरची पांढरी खडी आधी काढायची, ट्रॉलीत तळाला घालायची, वरून बाकीची. दुसऱ्या गल्लीत नवा ढीग, नवा चुना. एकाच ढिगानं तीन गल्ल्या झालेल्या मी पाहिल्यात.

दुपारी मुकादम आला. "मामा, ही खडी नव्या प्लॉटांकडं न्यायची. तुमच्या गल्लीचं पुढच्या मार्चला पाहू."

"अरे, माझ्याच दारातली?"

"म्हणून तर तुम्हालाच सांगून राह्यलो. तुम्ही उचलली तर गल्लीत कोणी तोंड उघडणार न्हाई."

मी उचलली. साहेबाचा हुकूम आहे, एवढंच डोक्यात. बायको दारात उभी होती. म्हणाली, "परक्यानं नेली असती तर आडवी पडले असते. आता कोणाशी भांडू?" दोन दिवस तिनं न बोलता वाढलं. मंग बोलायला लागली, पण रस्त्याचं नाव पुन्हा काढलं न्हाई. ते मला जास्त लागलं.

कागदावर गल्ली झाली होती. पुढच्या मार्चला मी साहेबाकडं गेल्तो. साहेब हसला. "मामा, झालेला रस्ता पुन्हा कसा करायचा? तीन वर्षं हात लावता येत न्हाई. ऑडिटवाला धरील." माझ्यासमोर, ज्यानं तो ढीग उचलला त्याच्यासमोर, त्याला हसू आलं. मीही हसलो. आठवलं की आजही तोंड कडू होतं.

उकरलेल्या गल्लीत पावसानं खड्डे केले. ज्वारी निवडली त्या सकाळी ती गिरणीवरून पीठ घेऊन परत येत होती. पाणी भरलेल्या खड्ड्याचा तळ कळला न्हाई. पाय गेला, डबा गेला, अन् डोकं नालीच्या दगडावर आपटलं. मी पळत गेलो तेव्हा पीठ पाण्यात कालवलं गेल्तं. रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशीच थांबला, आत घातली तर रिक्षा उलटंल म्हणाला. त्याचंही खोटं न्हाई. बाजेवर घालून बाहेर आणली. जालन्याला पोचायच्या आधीच ती गेली.

दिवस मावळायच्या आत आम्ही तिला जाळून आलो. मसणवट्यातून निघताना मुकादम जवळ आला. "मामा, साहेबालाही लई वाईट वाटलं. उद्याच खड्डा बुजवून टाकतो. तुम्ही फक्त कुठं काही बोलू नका."

मी बाजूला थुंकलो. त्याच्या तोंडावर थुंकायला पाहिजे होतं. किळस त्याची आली, साहेबाची आली, अन् सगळ्यांत जास्त माझी आली. बाकीच्यांना गप बसायला काही तरी द्यावं लागायचं. मी त्यांना फुकट सापडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेलो. सुतकातला माणूस कोणाच्या दारात जात न्हाई, कोणी त्याला शिवत न्हाई. कारकुनानं खुर्ची मागं ओढली. "मामा, घरी बसायचं सोडून हे काय?"

"कागद दे."

त्यानं टेबलावरून सरकवला. मी खाली फरशीवर बसून लिहिलं. आमच्या गल्लीचा रस्ता झालेला न्हाई. मोजलेली खडी मुकादमाच्या सांगण्यावरून मी माझ्या हातानं उचलली. चुना मी मोडला. खाली सही केली.

कारकुनानं मान लांब करून वाचलं. "यात पहिले तुम्हीच अडकता. नोकरी जाईल, मामा."

"पोचचा शिक्का मार."

तो साहेबाच्या दाराकडं पाहत राहिला. मी उठत न्हाई म्हणल्यावर त्यानं हात लांब केला, अन् कागदाला बोट लागू न देता शिक्का मारला.