मी ओढलेली लाल रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मला साधी चोरून खाल्लेली भजीसुद्धा कधी लपवता आली नाहीत. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. बसलाच आहात, तर सांगतो.

जुन्यातला जुना प्रोग्रॅमर म्हणून लोक माझं कौतुक करतात. मी फुशारतोही, खोटं कशाला बोलू? पण सुरुवात कॉम्प्युटरवर झाली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. फोर्टातल्या एका विम्याच्या कचेरीत भोकं पाडलेली कार्डं वाचून नोटिसा छापणारी यंत्रं होती. त्यांच्या फळ्यांवर तारा जोडायच्या, म्हणजे यंत्राला काम कळायचं. मी गिरगावचा, यशवंत लालबागचा, त्याचे वडील गिरणीत. सकाळी दोघं कॉलेजात, अकराला कचेरीत. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. पुस्तकांचा संच एकच, तोही त्याचा. गणित माझ्या डोक्यात शिरलं ते त्याच्यामुळे.

प्रत्येक विमेदाराची तीन कार्डं असत – नाव, पत्ता, हप्ता – ओळीने. गठ्ठा नीट लागला की वरच्या कडेवर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायची. मग एक कार्ड जरी हललं तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ अखंड, म्हणजे क्रम बरोबर. पुन्हा तपासायचं नाही, असा आमचा रिवाज होता.

एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची कचेरी सुटता सुटता, माझ्या हातून गठ्ठा सांडला. रेघ ओढण्याआधीच. लावायला दोन तास तरी गेले असते, आणि दीडला दादरला कॉलेजच्या सरांच्या घरी परीक्षेआधीची शेवटची उजळणी होती. मी काय केलं? कार्डं हाताला लागतील तशी गोळा केली, टेबलावर ठोकून सारखी केली – आणि वर रेघ ओढली. छान, सरळ. सोमवारी कॉलेज बुडवून लवकर येऊ आणि लावू, असं मनाशी म्हटलं. सोमवारी सकाळी सरांची टिपणं वाचत बसलो. इतकं साधं आहे ते.

त्या दिवशी यंत्रावर यशवंतची पाळी. त्याने रेघ बघितली आणि गठ्ठा आत घातला. एकाचं नाव, दुसऱ्याचा पत्ता, अशा नोटिसा टपालात गेल्या. आठवड्याभरात बोभाटा झाला. यशवंत चळवळीचा बिल्ला रोज छातीला लावून यायचा, शिवाजी पार्कची एक सभा चुकवायचा नाही. साहेबांनी ठरवून टाकलं – हा मुद्दाम केलेला खोडसाळपणा. त्याची परीक्षेची रजा रद्द केली. रजेशिवाय गेला तर नोकरी गेली, आणि वडिलांच्या एकट्याच्या पगारात घर भागत नव्हतं.

मी तिथेच उभा होतो, त्याच्या शेजारी. तोंड उघडलं असतं तर माझी रजा गेली असती. दुसरं काही नाही. घाबरलो. मीही घोषणा द्यायचो हो – आमच्या चाळीच्या गॅलरीतून.

त्याला कळलं नसेल? रेघ कुणाची, हे तो लांबून ओळखायचा. जिन्यात मला थांबवून एवढंच म्हणाला, "तू जा रे. माझा काय ता बघूया फुडच्या वर्साक." आणि पुस्तकं माझ्या हातात दिली.

पुढच्या वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले, मग बहिणींची लग्नं. परीक्षा राहिली ती राहिलीच. कॉम्प्युटर आले तेव्हा शिकायला फक्त पदवीधरांना पाठवलं. मी गेलो. तो कारकून म्हणूनच निवृत्त झाला. माझा निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन आमच्याकडे तोच आला होता, सगळ्या मजल्यावर त्यानेच वाटले. मी दोन खाल्ले.

तो आहे अजून. प्रभादेवीला, मुलाकडे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, तासभर बोलतो. या वेळी सांगू, या वेळी सांगू, असं किती वर्षं म्हणतोय मी. पण खरं विचाराल तर मी त्याला सांगणार नाही. तो मला अजून मित्र म्हणतो, आणि मला ते हवं आहे.