जेवण थोडं उशिरा येतंय

"जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी पाच स्टार दिलेत. मग तुझं नेमकं दुखतंय काय, मेघना?"

समीरने हे माझ्या टेबलापाशी उभं राहून विचारलं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. समीर आमच्या अंधेरीच्या गेम स्टुडिओचा हेड. माझ्यापेक्षा बराच लहान, पण आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात.

"रिपोर्टवर मी ‘लॉन्च करा’ असं लिहिणार नाही," मी म्हटलं. "लोकांना गेम आवडलेला नाही."

"अगं, त्यांनी लिहून दिलंय आवडला म्हणून."

"लिहून दिलंय. आवडलेला नाही."

माझं काम प्लेटेस्टिंगचं. गेम बाजारात जाण्याआधी आम्ही बाहेरची माणसं बोलावतो, त्यांच्या हातात फोन देतो आणि ती कशी खेळतात ते बघत बसतो. पूर्वी मी मसाले आणि लोणचीवाल्या कंपन्यांसाठी हेच करायचे. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये नमुन्याच्या बाटल्या घेऊन दारोदार फिरले आहे. तिथे एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडे समोरच्याच्या तोंडावर त्याच्या पदार्थाला कोणी नावं ठेवत नाही. ‘छान आहे हो, फक्त आमच्याकडे जरा तिखट कमी खातात,’ असं म्हणणाऱ्या बाईने ती बाटली दुकानातून कधीच आणलेली नसते. इथे तर आम्ही लोकांना एसीत बसवतो, चहा देतो, वर जेवू घालतो. खाल्ल्या घरचे वासे कोण मोजणार?

म्हणून मी फॉर्मवर विसंबत नाही. खेळून झालं, फॉर्म भरून झाला की मी सगळ्यांना सांगते, "टेस्ट संपली. जेवण थोडं उशिरा येतंय, तोवर बसा आरामात." गेमचे फोन टेबलावर तसेच चालू ठेवते. खेळा म्हणत नाही, खेळू नका म्हणत नाही. आणि काचेमागच्या खोलीत जाऊन बसते. ती काच त्यांच्या बाजूने आरसा, माझ्या बाजूने खिडकी. जेवण खरं म्हणजे पँट्रीत कधीच येऊन पडलेलं असतं. गेम चांगला असेल तर कोणी न सांगता हात त्या फोनकडे जातो. या वेळी एकाचाही गेला नव्हता.

गेम शूटर प्रकारातला होता. म्हणजे बंदूक घेऊन शहरात उतरायचं, समोरच्यांना टिपायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. त्याचा गवगवा एवढा झाला होता की घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावरसुद्धा त्याची जाहिरात. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कॉलेजची पोरं मला अडवायची. "काकू, खरंच खेळण्यासारखा आहे का ओ? फोनमध्ये जागा नाहीये, आत्ताचा डिलीट करायला लागेल." मी "येऊ तर दे," म्हणून सुटका करून घ्यायचे. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर शोधायचाच मला पगार मिळत होता.

टेस्टला वाकोल्याची स्नेहल नावाची एक मुलगी आली होती. सीएच्या ऑफिसात कामाला, रोज रात्री तासभर शूटर खेळणारी. तिनेही पाच स्टार दिले. मग जेवणाची वाट बघताना पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि दुसराच एक जुना शूटर लावला. मी बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले.

"हा रोजचा का?"

ती ओशाळली. "तुमचा पण मस्त आहे हां मॅडम. ग्राफिक्स एकदम झकास."

"ते राहू दे गं. या तुझ्या गेममध्ये मेलीस की काय वाटतं?"

"राग येतो. ज्याने मारलं त्याला परत जाऊन धरायचं असतं."

"आणि आमच्यात?"

तिने जरा विचार केला. "तुमच्यात कळतच नाही ना कोणी मारलं ते. चालत असते, चालत असते, आणि एकदम खलास. मग काय, ठेवून दिला."

दुखणं इथे होतं. आमचा मुख्य डिझायनर निनाद याने तीन वर्षं खपून एक भलंमोठं शहर उभं केलं होतं. उड्डाणपूल, बाजार, गच्च्या, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडेसुद्धा. पण शहर एवढं मोठं की बराच वेळ कोणी भेटायचंच नाही, आणि मग कुठल्या तरी खिडकीतून एक गोळी यायची आणि खेळ संपायचा. राग धरावा तर कोणावर?

आणि हा गेम पडला असता तर निनादची टीम बंद होणार होती. मालकांनी तसं साफ सांगून ठेवलं होतं. म्हणूनच समीर आणि निनादला तो ठरलेल्या तारखेला बाहेर काढायचा होता. लांबणीवर टाकला की मालकांना संशय येईल, असा त्यांचा हिशोब. माझं म्हणणं उलटं होतं. पहिल्या आठवड्यात ज्याने गेम डिलीट केला तो काही केल्या परत येत नाही. निनादच्या हाताखालच्या सगळ्या पोरांना मी ओळखत होते, काहींच्या लग्नात जेवून आले होते. त्यांची नोकरी पाच स्टारांच्या भरवशावर सोडायला मी तयार नव्हते.

निनाद माझ्यावर चिडला. "तू माणसंच चुकीची आणलीस. ह्यांना शूटरमधलं काय कळतं?"

"मग तू आण."

त्याने आणली. स्पर्धांमध्ये खेळणारी, त्याच्या ट्रेलरवर फिदा असलेली. त्यांनीही भरभरून कौतुक केलं, आणि जेवणाची वाट बघताना एकमेकांना रील्स दाखवत बसली. काचेमागे माझ्या शेजारी बसून निनादने ते सगळं पाहिलं.

"त्यांना भूक लागली होती," तो म्हणाला.

एवढ्यावर मी कपाळाला हात लावून गप्प बसू शकले असते. पण मीही काही कमी हट्टी नाही. मी समीरकडे गेले. "लॉन्चची शेवटची मीटिंग माझ्या टेस्टरूममध्ये घे. जेवण माझ्याकडून."

"आणि तू सही करणार?"

"तू मीटिंग तर घे."

समीर, निनाद आणि मार्केटिंगची पूजा, तिघं आले. तारखा ठरल्या, जाहिराती ठरल्या. टेबलावर गेमचे फोन चालू होते. मी उठले. "जेवण थोडं उशिरा येतंय, बसा आरामात," म्हटलं आणि बाहेर पडून काचेमागे गेले. माझी ही सवय निनादला चांगली माहीत होती. तरी त्याला शंका आली नाही. मीटिंगमध्ये आपल्यालाच कोणी तपासत असेल, असं कोणाच्या डोक्यात येत नाही.

समीरने शेअरचे भाव उघडले. पूजा नवऱ्याशी गॅस सिलेंडरबद्दल बोलायला लागली. निनादने मात्र गेमचा एक फोन उचलला. खोटं कशाला बोलू, मी हरले तर बरं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. त्याने स्क्रीनवरचे बोटांचे ठसे शर्टाने पुसले. फोन नीट सरळ ठेवून दिला. मग खिशातून स्वतःचा काढला आणि कॅरम खेळायला लागला.

मी डबे घेऊन आत गेले. माझ्याकडे बघताच निनादच्या लक्षात आलं. त्याने कॅरम बंद केला, पण स्क्रीनवर सोंगट्या दिसायच्या त्या सगळ्यांना दिसून गेल्या.

"ही चीटिंग आहे यार," समीर म्हणाला.

"आहे. जेवून घ्या."

"समीर," निनाद हळूच म्हणाला, "मी घरीपण नाही खेळत. रविवारी उघडतो, आणि काय दुरुस्त करायचं तेच बघत बसतो."

मला फार वाईट वाटलं. तीन वर्षांचं काम होतं त्याचं, आणि मी त्याला त्याच्याच गेमसमोर पकडलं होतं. पण डबे परत नेता येत नव्हते. "तुम्ही तिघंच खेळत नाही," मी समीरला म्हटलं, "तर वाकोल्याच्या स्नेहलने आपला चालू गेम काढून हा का टाकायचा?"

समीर जेवला नाही. बाहेर जाऊन त्याने मालकांना फोन लावला, तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि लॉन्च माझ्यामुळे थांबतोय, असं मीच सांगितलं. त्याने जेवढं ऐकून घेतलं तेवढंच मीही ऐकून घेतलं. तारीख पुढे गेल्याचं जाहीर झाल्यावर ऑनलाइन आमची पार वाट लागली. निनाद काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

पण कात्री त्याने स्वतःच चालवली. अर्धं शहर उडवलं. कपड्यांच्या गच्च्याही गेल्या. आणि माणूस मेला की त्याला मारणाऱ्याच्या नजरेतून शेवटचे काही क्षण दाखवायचे ठरवलं. कोण होता, कुठे दबा धरून बसला होता, सगळं.

नव्या टेस्टला मढचा भावेश आला. कोळ्यांच्या घरातला, घरची बोट. दर्यावर नसला की मित्रांबरोबर शूटर खेळणारा. त्या दिवशी खानावळीतून तळलेले बोंबील मागवले होते. खेळून झालं, मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि काचेमागे जाऊन बसले. निनाद शेजारी उभा होता. भावेशने आरशात बघून केस सारखे केले आणि टेबलावरचा फोन पुन्हा उचलला.

जरा वेळाने मी ताट घेऊन गेले. "भावेश, जेवण आलंय रे."

"हो हो, एक मिनिट."

मी थांबले. "बोंबील गार होतायत."

"होऊ देत मॅडम. हा पुलावर बसलाय, ह्याला आधी धरतो."

कोळ्याच्या पोराने बोंबील गार होऊ दिले. मी काचेमागे परत आले तेव्हा निनाद डोळे पुसत होता. "लिही रिपोर्ट," एवढंच म्हणाला. मी तिथेच लिहिला आणि सही केली.

गेम धो-धो चालला असं नाही. बऱ्यापैकी चालला, आणि निनादची टीम अजून आमच्याच मजल्यावर बसते.

लिफ्टमधली पोरं अजूनही मला अडवतात. नवीन शूटर आलाय काकू, खेळण्यासारखा आहे का? आता मी टाळाटाळ करत नाही. सांगते, डाउनलोड कर, आणि आईने जेवायला हाक मारली की बघ. पहिल्या हाकेला उठलास तर डिलीट करून टाक.

त्यांच्या आया हल्ली माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.