विहिरीतली उडी

विजयमालाबाईंना घाबरट माणसाचा मनापासून राग. सोलापुरातल्या त्यांच्या शाळेत मुख्याध्यापकसुद्धा त्यांना जरा बिचकूनच असतात. कुठं काही चुकीचं दिसलं की बाई पदर खोचून उभ्या, मग समोर शिपाई असो नाहीतर संस्थेचा अध्यक्ष. एवढं धाडस आणलं कुठून, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "आमच्या अण्णांचं रक्त आहे हे."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील, मंद्रूपचे रामहरी. माला लहान असताना येळवशीच्या सणादिवशी शेतातल्या विहिरीत पडली आणि अण्णांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकून तिला वर काढलं. ही गोष्ट बाईंनी वर्गात सांगितली, सासरी सांगितली, शाळेतल्या भाषणांतून तर इतक्यांदा सांगितली की पहिल्या रांगेतल्या पोरींना ती तोंडपाठ होती. अण्णा तसे घुमे. त्यांनी मुलीला कधी जवळ घेतलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. बाई गोष्ट सांगायला लागल्या की ते उठून गोठ्याकडंच जायचे. केवढा हा विनय, असं बाईंना वाटायचं. ज्या बापानं आपल्यासाठी विहिरीत उडी टाकली त्यानं आणखी वेगळी माया ती काय दाखवायची? त्या एका उडीच्या जोरावर बाईंनी अर्धं आयुष्य ताठ मानेनं काढलं.

आई, शकुंतला, दोन वर्षांपूर्वी गेली. ती मात्र भित्री म्हणून घरात प्रसिद्ध. कुणी मोठ्यानं बोललं तरी पदर तोंडाशी जायचा. बाईंची लेक उत्कर्षा बंगळूरच्या नोकरीवर जाऊ की नको, असं करत महिनाभर बसली होती. यंदा येळवशीला शेतावर जाताना गाडीत बाईंनी तिला सुनावलंच, "आजीवर गेलीस तू. नुसती भित्री!"

येळवस म्हणजे हिवाळ्यातली वेळ अमावास्या. त्या दिवशी आमचा सगळा मुलूख रानात जेवतो. कडब्याची खोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची, मग भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली ताकाची आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं, ही रीत. यंदा त्या रीतीनं सुंदरम्मा येऊन बसली. पूर्वी शेजारचं रान तिचं होतं. पुढं ती अक्कलकोटकडं लेकाजवळ राहायला गेली, ती कित्येक वर्षांनी आज इकडं फिरकली होती.

जेवणं झाल्यावर पोरं विहिरीकडं पळाली आणि बाईंना निमित्तच मिळालं. पोरांना हाका मारून बोलावलं, बसवलं आणि गोष्ट सुरू झाली. पाय कसा घसरला, नाकातोंडात पाणी कसं गेलं, आणि मग, "आमच्या अण्णांनी मागचा पुढचा विचार न करता धाडदिशी उडी टाकली!"

सुंदरम्माच्या हातातला आंबिलीचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला.

"कोन? रामहरीनं?" ती म्हणाली. "त्येला पवाया कुटं येतंय? त्यो काठावर हुबा हुता की, लटलट कापत. उडी तुज्या आईनं टाकली."

बाई हसल्या. वय झालं की माणसांचा असा घोळ होतोच. "आई? अहो, ती पाण्याच्या नावानं घाबरायची."

"शकुंतला? ती भीमेकाठची पोर. न्हानपनी नदी पवून पल्याड जायाची. कासोटा खोसला आन् गेली खाली. वर आल्यावर माजं कोरडं लुगडं मीच दिलं की तिला!"

बाईंनी अण्णांकडं पाहिलं. ते खोपीच्या तोंडाशी बसले होते. या वेळी उठून जायला गोठाही जवळ नव्हता.

"अण्णा, काय म्हणतायत या?"

अण्णांनी मान वर केली नाही. "व्हय," ते म्हणाले.

बाई उठून त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"समद्या बाप्यांच्या देखत सून हिरीत उतरली आन् ल्योक काठावर हुबा," अण्णा तुटक तुटक बोलत होते. "लई लाजिरवानं झालं तवा. तुज्या आज्ज्यानं घरी गेल्यावर समद्या भावकीला बजावलं, पोर रामहरीनं काडली म्हनून सांगायचं. तुज्या आईनंबी मान हालवली. पुढं तू शाळंत भाषनं ठोकाया लागलीस. मग मला तोंडच राह्यलं न्हाय."

बाईंचा हात नकळत डाव्या दंडाकडं गेला. तिथं चार-पाच बारीक वण होते. विहिरीतला दगड लागला, असं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनीही ते कधी निरखून पाहिले नव्हते. आता पाहिले. दगड असा कापत नाही. अशी बारीक, वाकडी रेघ काचेची असते.

आणि मग त्या संध्याकाळची आज्जी आठवली, आईवर खेकसणारी. "सणासुदीला बांगड्या वाढवल्यास? हात उघडे घेऊन हिंडतीस?" आई कोपऱ्यात मनगटाला पिवळा दोरा बांधत होती. आई किती वेंधळी, असं त्या दिवशी माला गोधडीत पडल्या पडल्या मनाशी म्हणाली होती. फुटलेल्या बांगड्यांची खूण बाईंच्याच दंडावर होती, आणि त्या ती अण्णांच्या नावानं जन्मभर मिरवत आल्या होत्या. खोटं सगळ्या भावकीचं होतं, पण ते गावोगाव वाजवलं होतं त्यांनीच.

"आई," उत्कर्षा हळूच म्हणाली, "सकाळी गाडीत काय म्हणालीस मला?"

बाईंना दवाखाना दिसत होता. आईचं शेवटचं दुखणं. सलाईनची सुई पाहून आईनं हात मागं घेतला, तेव्हा बाई सगळ्या नर्सांसमोर कडाडल्या होत्या, "अगं, अण्णांकडं बघून तरी शीक. त्यांनी विहिरीत उडी टाकली माझ्यासाठी, आणि तू सुईला घाबरतेस?"

अण्णा तिच्या कॉटच्या पायथ्याशी उभे होते. आईनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग हात पुढं केला आणि हसून म्हणाली, "व्हय की, बाई. तुजे अण्णा लई धीराचे."