रेडिएटरमधली हळद

वर्षाची हळद आम्ही उन्हाळ्याच्या तोंडी दळून आणायचो. डब्यावर मी चिठ्ठी चिकटवायचे: किती आणली, कधीपर्यंत पुरवायची. त्या वर्षी मे महिन्यातच डबा अर्धा झाला. मी वही तपासली. लोणचं घातलं नव्हतं, घरात लग्नकार्य नव्हतं.

"हळद कुठे गेली?" मी ह्यांना विचारलं.

"गाडीत टाकली थोडी थोडी. रेडिएटर गळून राहिलं होतं. हळदीनं भोक बुजते. सगळेच टाकतात."

दर रविवारी मी गाडीचं पाणी, पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या पाहून वहीत खूण करायचे आणि माझ्यामागे हे त्यात मसाला घालत होते!

माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती, सोमवार सकाळची. त्यांना उमरेडहून रविवारी आमच्याकडे शहरात आणायचं होतं. एसटीत चढताना ते दोनदा पडले होते. आता बसचं नाव काढू देत नव्हते. आणि आमची जुनी गाडी शहराच्या वेशीवरची दिघोरी ओलांडली की उकळायची.

शनिवारी मीही ह्यांच्याबरोबर जरीपटक्याला मिस्त्रीकडे गेले. त्याने रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली. आत पिवळा-तपकिरी लगदा, शिळ्या पिठल्यासारखा, त्यावर गंजाची साय. वास असा, की मी पदर नाकाला लावला.

"बाई, यात अंडं बी हाय," काडीने ढवळत मिस्त्री म्हणाला.

आमच्या घरात अंडं येत नसे. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"एकच होतं," हे पुटपुटले.

"मंग मोहरीनं काय पाप केलं होतं गा, भाऊ?" मिस्त्री हसला. हेही हसले. रेडिएटरच्या आतल्या निम्म्याहून जास्त बारीक नळ्या बंद होत्या. गळतं भोक तसंच होतं. पाण्याची वाटच तेवढी बुजली होती.

मी तिथेच यादी केली. रेडिएटरला पहिलीपेक्षा जाड नवी जाळी. जास्त पात्यांचा पंखा. नव्या रबरी नळ्या. इंजिनातून नितळ पाणी येईपर्यंत धुलाई. या शेवटच्या कामात दुपार गेली. बादलीमागून बादली, प्रत्येकीत पिवळ्या गुठळ्या. मी जागची हलले नाही. पाणी नितळ आलं तेव्हाच नळ्या जोडू दिल्या.

रविवारी उमरेडपर्यंत तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. वास मात्र एवढं धुऊनही गाडीत राहिला होता. परतताना वडील मागे माझ्याशेजारी बसले. त्यांना दिसत नव्हतं, नाक मात्र शाबूत होतं.

"काय वं, डब्यात काय घेतलं? नासलं वाटते."

हे रस्त्यावरची नजर न हलवता गाडी चालवत राहिले.

"काही नाही, बाबा," म्हणत मी काच पूर्ण खाली केली. त्या वासापेक्षा मेमधली झळ बरी होती.

ऑपरेशन वेळेवर झालं. तो आठवडाभर मी वरण बिनहळदीचं केलं. हे काही न विचारता जेवले.